फेलिक्स वांकेल : एका फटीमागे गेलेला जन्म

वार्षिकांकासाठी चरित्रलेख द्यावयाचे ठरले तेव्हा वर्गातील बहुतेकांनी संत, समाजसुधारक आणि क्रांतिकारक आपापसांत वाटून घेतले. माझ्या वाट्याला कोणी उरले नव्हते असे नाही, पण माझ्या डोक्यात एक इंजिन घोळत होते. म्हणून ज्याचे चरित्र मी लिहावयास घेतले तो माणूस ना आपल्या देशाचा, ना आपल्या भाषेचा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनांच्या भानगडीत का पडावे, असे काहींना वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

जळकोटच्या शिवारात आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि एक विहीर. विहिरीवर आता विजेची मोटार बसली आहे, तरी आजोबांच्या वेळचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन पत्र्याच्या शेडखाली अजून उभे आहे. वीज नसली की वडील तेच चालवतात. दोन वर्षांपूर्वी ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी ते चालू होईना. हँडल फिरवताना हाताला पूर्वी जो दाब लागे तो लागेना. हँडल हलकेच गरगर फिरे. कसेबसे चालू झालेच तर निळा धूर सोडी आणि ऑईल पिऊन टाकी. उदगीरहून आलेल्या मिस्त्रीने दोनदा हँडल फिरवूनच सांगितले की रिंगा गेल्या. इंजिन उघडल्यावर पिस्टनभोवतीच्या त्या कड्या मी हातात घेऊन पाहिल्या. डोळ्यांना दिसणार नाही एवढी झीज, आणि तेवढ्याने सगळे इंजिन लुळे पडले होते. नव्या रिंगा, लायनर आणि मजुरी यांचा आकडा येथे देत नाही. त्या सत्रात माझे वसतिगृहाचे पैसे दोन महिने उशिरा भरले गेले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्यानंतर ग्रंथालयात इंजिनांवरचे एक जुने पुस्तक चाळताना मला कळले की जगात पिस्टनच नसलेले इंजिन होऊन गेले, मोटारींत बसले, रस्त्यांवर धावले, आणि त्याचेही दुखणे तेच होते जे आमच्या शेडखालच्या इंजिनाचे. दाब धरून ठेवणारी बारीक पट्टी झिजली की सारे संपले. ते इंजिन ज्याच्या डोक्यातून निघाले तो फेलिक्स वांकेल.

वांकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, काळ्या अरण्याच्या कडेला असलेल्या लार या गावी झाला. वडील वनखात्यात अधिकारी होते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पहिल्याच महिन्यात ते रणांगणावर मारले गेले. फेलिक्स तेव्हा बारा वर्षांचा, आईचा एकुलता एक मुलगा. युद्ध संपता संपता जर्मनीत महागाई अशी माजली की विधवेची शिल्लक कागदाच्या मोलाची झाली. १९२१ मध्ये शेवटची परीक्षा न देताच त्याने शाळा सोडली. विद्यापीठाचे दार बंद झाले ते कायमचे. हायडेलबर्ग हे विद्यापीठाचे गाव; तेथे शास्त्रीय ग्रंथ छापणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत तो उमेदवार म्हणून लागला. म्हणजे ज्या ग्रंथांवर इतर मुले पदव्या घेत, त्यांचे गठ्ठे हा बांधीत असे. ते गठ्ठे बांधता बांधता त्याने ते वाचलेही. या ठिकाणी मी वाचताना जरा थांबलो होतो, हे कबूल करतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच आहे आणि ही पायरी किती उंच असते ते मला ठाऊक आहे.

त्याला अंतरावरचे फारच कमी दिसे. डोळे इतके अधू, की पुढे जगभर गाजलेल्या मोटार-इंजिनाच्या या जनकाने वाहन चालवण्याचा परवाना कधी काढलाच नाही. गणिताचेही रीतसर शिक्षण नव्हते. पण आकार मनात फिरवून पाहण्याची एक विलक्षण शक्ती त्याच्यात होती. सतराव्या वर्षी अशा एका मोटारीचे स्वप्न त्याला पडले होते, की जिचे इंजिन अर्धे टर्बाइन आणि अर्धे नेहमीचे होते, अशी एक गोष्ट त्याच्याविषयी सांगतात. स्वप्नाचे खरेखोटे असो. १९२४ मध्ये मित्रांच्या साथीने त्याने हायडेलबर्गमधील एका मागल्या अंगणात छोटे वर्कशॉप थाटले हे खरे. दोन वर्षांनी नोकरी गेली. १९२९ मध्ये फिरत्या पिस्टनच्या कल्पनेवर त्याने पहिले पेटंट घेतले.

ही कल्पना तशी साधी आहे. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला हजारो वेळा धावायचे आणि थांबायचे, यात शक्ती फुकट जाते आणि धक्के बसतात. मग जळणाऱ्या वायूने सरळ एखादी वस्तू गोलच का फिरवू नये? असे अनेकांना वांकेलच्या आधीही सुचले होते. वाफेच्या काळापासून गोल फिरणाऱ्या यंत्रांचे शेकडो आराखडे कागदावर पडून होते. ते कागदावरच का राहिले याचे उत्तर वांकेलला तरुणपणीच सापडले, आणि माझ्या मते त्याच्या बुद्धीची खरी खूण ही आहे. बाकीचे आकार शोधत बसले. याने फट शोधली. फिरता भाग आणि स्थिर भाग यांच्यामध्ये जी फट राहते तिच्यातून वायू निसटतो. ती बंद करता आली नाही तर कितीही सुंदर आकार व्यर्थ. म्हणून पुढची पंचवीस वर्षे त्याने इंजिन बाजूला ठेवले आणि फक्त गळतीचा अभ्यास केला. पट्टीला केवळ स्प्रिंगने दाबून भागत नाही. ज्या वायूला अडवायचे त्याच वायूच्या दाबाने ती भिंतीला चिकटली पाहिजे. शिवाय एक पट्टी दुसरीला अशी भिडली पाहिजे की कडेकोपऱ्यातसुद्धा वाट उरू नये. हे ज्ञान त्याने इंजिनांच्या फिरत्या झडपा करता करता मिळवले. त्यासाठी बी.एम.डब्ल्यू. आणि डाइम्लर-बेन्झ या कंपन्यांशी त्याचा संबंध आला.

येथपर्यंत लिहून झाले आणि पुढचे वाचल्यावर हा लेख फाडून टाकावा असे वाटले. वांकेल नाझी होता. कोणी जबरदस्तीने ओढलेला नव्हे, तर विशीतच हिटलरच्या पक्षात स्वतःहून गेलेला. त्याची आईही लारमध्ये पक्षाची शाखा उभी करणाऱ्यांत होती. बाडेन प्रांतात हिटलरच्या युवक संघटनेचे नेतृत्व त्याने केले. त्या मुलांना त्याला लष्करी शिक्षण द्यायचे होते. प्रांताचा पक्षप्रमुख रॉबर्ट वाग्नर याला ते राजकारणासाठी हवे होते. या भांडणात वांकेलने वाग्नरवर भ्रष्टाचाराचे जाहीर आरोप केले. १९३२ मध्ये त्याला पक्षातून काढले आणि १९३३ च्या मार्चमध्ये, पक्ष सत्तेवर येताच, लारच्या तुरुंगात टाकले. हिटलरचा आर्थिक सल्लागार विल्हेल्म केपलर याने मध्यस्थी केली म्हणून तो सप्टेंबरमध्ये सुटला.

काही लेखक हा तुरुंगवास असा सांगतात की जणू तो नाझींचा विरोधकच होता. मला ते पटत नाही. भाऊबंदकीत वाटा कमी पडला म्हणून वेगळा झालेला भाऊ काही घराण्याच्या विरोधात नसतो. सुटका झाल्यावर त्याने त्याच राजवटीचे काम घेतले. १९३६ मध्ये विमान-मंत्रालयाच्या पैशावर बोडनझे सरोवराच्या काठी लिंडाऊ येथे त्याचे स्वतंत्र वर्कशॉप उभे राहिले आणि तेथे लढाऊ विमानांच्या इंजिनांसाठी त्याच्या फिरत्या झडपा तयार होऊ लागल्या. १९४० मध्ये तो एस.एस. या कुप्रसिद्ध संघटनेत वरच्या हुद्द्यावर गेला. १९४२ मध्ये तेथून बाहेर पडला. ज्या काळात युरोपभर लाखो निरपराध ज्यूंना मारले जात होते, त्या काळात हा मनुष्य सरोवराकाठी बसून एका फटीचा विचार करीत होता. त्याला अहोजाहो करावे की नाही याचा निर्णय मला करता आला नाही, म्हणून हा लेख एकेरीतच चालू ठेवला आहे.

१९४५ मध्ये फ्रेंच सैन्य लिंडाऊत आले. वर्कशॉप मोडून यंत्रे नेली गेली आणि वांकेल काही महिने कैदेत पडला. सुटल्यावर हाताशी काही नव्हते. १९५१ च्या सुमारास त्याने राहत्या घरातच संशोधनाचे काम पुन्हा मांडले आणि नेकारझुल्म येथील एन.एस.यू. या मोटारसायकलींच्या कारखान्याशी करार केला. काम झडपांचेच होते. पण त्या निमित्ताने जुना आकार पुन्हा वर आला आणि १९५४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्याला हवी ती भूमिती सापडली.

ती भूमिती आपल्याकडच्या वाचकाला सांगायची तर अशी. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग घ्या. मध्ये किंचित आवळलेली. तिच्या पोकळीत फुगीर कडांचा एक त्रिकोण बसवा, असा की त्याची तिन्ही टोके शेंगेच्या आतल्या भिंतीला सदैव टेकलेली राहतील. तो त्रिकोण डुलत डुलत फिरला की भिंत आणि त्याच्या तीन बाजू यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. प्रत्येक कप्पा आळीपाळीने मोठा व लहान होतो. मोठा होताना पेट्रोल-हवा आत ओढतो, लहान होताना ती दाबतो, ठिणगी पडली की ढकलला जातो आणि शेवटी धूर बाहेर टाकतो. त्रिकोणाची एक फेरी होईपर्यंत मधला दांडा तीन वेळा फिरतो. झडपा नाहीत, वरखाली नाही. १ फेब्रुवारी १९५७ रोजी असे पहिले इंजिन चालले. वांकेलच्या त्या रचनेत आतला त्रिकोण आणि बाहेरचे कवच असे दोन्ही फिरत. साधा प्लग बदलायचा तरी इंजिन खोलावे लागे. एन.एस.यू.मधील इंजिनीयर हान्स डीटर पाश्के याने कवच स्थिर ठेवून सोपी रचना केली. जगभर वांकेल इंजिन म्हणून जे ओळखले जाते ते खरे म्हणजे पाश्केचे रूप. वांकेलला ते मुळीच आवडले नाही; आपल्या शर्यतीच्या घोड्याला कोणी नांगराला जुंपले असे त्याला वाटले. शेतकऱ्याच्या मुलाला यावर एवढेच म्हणावेसे वाटते की नांगराला जुंपता येते ते जनावर घरात टिकते.

पण टिकणे हेच तर कठीण होते. आमच्या डिझेल इंजिनातील रिंग गोल नळीत सरळ वरखाली होते आणि तिचे तोंड नळीला सपाट बसते. वांकेल इंजिनात त्रिकोणाच्या टोकाला असलेल्या पट्टीची फक्त एक रेघ भिंतीला टेकते. फिरताना तिचा कल एकदा इकडे, एकदा तिकडे असा सतत बदलतो. वेग प्रचंड, उष्णता एकाच बाजूला जास्त, आणि तेलाचा थर पातळ. वांकेलने पंचवीस वर्षे जिच्याशी झुंज घेतली ती फट येथे पुन्हा उभी राहिली.

१९६४ मध्ये एन.एस.यू.ने स्पायडर ही छोटी गाडी विक्रीस आणली आणि १९६७ मध्ये रो ८० ही मोठी. रो ८० दिसायला काळाच्या पंधरा वर्षे पुढे होती. पुढच्या वर्षी युरोपात तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट मोटारीचा मान मिळाला. मग तक्रारी सुरू झाल्या. काही गाड्यांची इंजिने पन्नास हजार किलोमीटरच्या आतच संपली. टोकाची पट्टी तीन तुकड्यांची होती व तिन्ही तुकडे एकाच धातूचे. गाडी थंड असताना चालू केली की मधला तुकडा आधी झिजे, मग बाजूचे तुकडे सरकत आणि वायूला वाट मिळे. जवळच्या अंतरावर वारंवार चालू-बंद होणाऱ्या गाड्यांना म्हणून हा रोग जास्त. पुढे मधला तुकडा टायटॅनियम कार्बाइड मिसळलेल्या कठीण पोलादाचा केला तेव्हा हा दोष आटोक्यात आला, पण तोवर नाव गेले होते. रस्त्यात रो ८० चे दोन मालक समोरासमोर आले की आतापर्यंत किती इंजिने बदलली तितकी बोटे एकमेकांना दाखवीत, असा विनोद तेव्हा जर्मनीत चाले. हमीपोटी कंपनीने इंजिने फुकट बदलून दिली आणि त्यात ती खचली. १९६९ मध्ये फोक्सवागनने तिला आपल्या आउटो युनिऑन या कंपनीत मिळवून घेतले. रो ८० चे उत्पादन १९७७ पर्यंत चालले. एकूण ३७ हजारांवर गाड्या निघाल्या.

जे जर्मनीत सुटेना ते हिरोशिमात सुटले. अणुबॉम्बने होरपळलेल्या त्या शहरातील तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, या कंपनीने १९६१ मध्ये या इंजिनाचा परवाना घेतला. आणून पाहतात तो कवचाच्या आतल्या भिंतीवर ओळीने ओरखडे! कामगारांनी त्यांना सैतानाच्या नखांचे व्रण म्हटले. केनिची यामामोतो याच्या हाताखाली ४७ इंजिनीयर त्या व्रणांमागे लागले. त्यांना कळले की पट्टी भिंतीवरून नुसती घासत नाही, ती थरथरते. ठरावीक वेगाला तिचा कंप वाढतो आणि ती भिंत कोरते. पट्टीला आतून आडवीउभी भोके पाडून त्यांनी तो कंप मोडला. मग कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी केली आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आणली. पुढे कडक केलेल्या ओतीव लोखंडाच्या पट्ट्या आल्या. १९७८ ची आर.एक्स.-७ जगभर खपली. १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत माझदाने चार त्रिकोणांच्या इंजिनावर जिंकली. त्यातील पट्ट्या चिनी मातीच्या जातीच्या, म्हणजे सिरॅमिकच्या होत्या.

तरी झीज ही झीजच. जुन्या आर.एक्स.-७ चे मालक आजही जे करतात ते वाचून मला आमचा मिस्त्री आठवला. गाडी गार असताना चालू होते पण तापल्यावर बंद केली की पुन्हा उचलत नाही, जागेवर उभी असताना दचकत चालते, चढाला दम सोडते, ही पहिली लक्षणे. मग प्लग काढून दाब मोजतात. एका त्रिकोणाचे तीन कप्पे म्हणून दाबाचे तीन ठोके यावे लागतात आणि ते सारखे असावे लागतात. माझदाने घालून दिलेली मर्यादा अशी की दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोच्या खाली जाऊ नये आणि कप्प्याकप्प्यांत दीड किलोहून जास्त फरक नसावा. दोन ठोके जोरकस आणि एक फुसका आला तर एक पट्टी गेली असे समजावे. त्यावर बाहेरून घालायचे औषध नाही. इंजिन उघडून पट्ट्या, त्यांच्या मागच्या स्प्रिंगा आणि बाजूची सीले बदलावीच लागतात. कवचाच्या भिंतीवरचा क्रोमचा थर निघाला असेल तर नवी पट्टी बसवूनही उपयोग नसतो, ती दोन दिवसांत खाल्ली जाते. लायनर खराब असताना नुसत्या रिंगा टाकू नका असे आमच्या मिस्त्रीने वडिलांना बजावले होते, ते हेच. जी गाडी अजून धड आहे तिची पट्टी वाचवायला मात्र पुष्कळ करता येते. हे इंजिन मुळातच थोडे तेल कप्प्यात सोडून जाळते, म्हणून ऑईलची पातळी वरचेवर पाहावी. कित्येक जण पेट्रोलमध्येच थोडे टू-स्ट्रोक ऑईल मिसळतात. पाणी कधी कमी पडू देऊ नये, कारण एकदा तापलेले इंजिन पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. गार इंजिन चालू करून लगेच बंद करू नये. आणि गरम झाल्यावर अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ते चांगले पळवावे, म्हणजे पट्टीच्या खाचेतली काजळी जळते.

वांकेलचे पुढे कसे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण सुखाचे दिवस सांगण्यासारखे फार नसतात. जगातील अनेक मोठ्या कंपन्यांनी परवाने घेतले आणि तो श्रीमंत झाला. १९६९ मध्ये म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये त्याने आपले हक्क लोनरो या ब्रिटिश कंपनीला विकले. दोनच वर्षांनी तेलाची टंचाई आली, पेट्रोल जास्त पिणारे हे इंजिन सगळ्यांना नकोसे झाले आणि माझदाखेरीज बहुतेकांनी ते सोडले. वांकेलला प्राण्यांचा फार लळा. प्रयोगशाळांत मुक्या जनावरांचा छळ कमी व्हावा म्हणून होणाऱ्या संशोधनासाठी त्याने १९७२ मध्ये एक पुरस्कार ठेवला. ज्याने जनावरांसाठी पैसा ठेवला त्याला माणसांच्या बाबतीत त्या वर्षांत काही दिसले नाही का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पत्नी एम्मा हिच्याशी त्याचे लग्न १९३६ मध्ये झाले होते, मूलबाळ नव्हते. अखेरपर्यंत तो लिंडाऊच्या संशोधन केंद्रात काम करीत राहिला आणि ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गमध्ये वारला.

या इंजिनाचा आपल्या मातीशीही एक धागा आहे. निशांत या वैमानिकरहित विमानासाठी पूर्णपणे भारतात घडवलेले पहिले वांकेल इंजिन तीन संस्थांनी मिळून केले. त्यांत आपल्या अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, लष्करी वाहनांचे संशोधन करणारी संस्था होती. गाभा बंगळूरच्या प्रयोगशाळेने केला. ठिणगी, इंधन आणि थंडावा यांची व्यवस्था नगरने सांभाळली. ५५ हॉर्सपॉवरचे ते इंजिन घेऊन २००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथे निशांत पस्तीस मिनिटे उडाले. एवढ्याशा विमानाला हलके आणि न थरथरणारे इंजिनच हवे असते, आणि तेथे वांकेलचा त्रिकोण चपखल बसतो.

गेल्या दिवाळीत मिस्त्री आमच्याकडे आला होता तेव्हा ही सगळी हकीकत मी त्याला सांगितली. भुईमुगाची शेंगही हातात घेऊन दाखवली. जर्मनी, जपान, कोलार सगळे त्याने शांतपणे ऐकून घेतले, शेंग फोडून दाणे खाल्ले आणि एकच गोष्ट विचारली, की त्या विमानातल्या पट्ट्या किती तास टिकतात.